मान धरली, हाताला मुंग्या आल्या : उतारवयातलं मानेचं दुखणं



सोयाबीन निघालं, तुरी उभ्या आहेत, कापसाची वेचणी चालू आहे. पहाटे गारठा पडतोय. असे दिवस आले की गटाच्या बैठकीत एक गोष्ट हमखास दिसते. हजेरी चालू असते आणि चार-पाच जणींचा हात मानेवर असतो. कुणी पदर गच्च गुंडाळलेला, कुणी बामाची डबी काढलेली. कुणाला शेजारणीकडं बघायचं असतं, पण मान वळत नाही, म्हणून ती सगळं अंगच वळवते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काय करावं माय, वय झालं. मणक्यात गॅप आलाय म्हणत्यात.”

आज त्या गॅपबद्दलच बोलायचं आहे. आम्ही डॉक्टर नाही, गटांच्या समन्वयक आहोत. पण गटातल्या बायांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून नांदेड-लातूरच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत आमच्या खेपा झाल्या. डॉक्टरांना विचारलं, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंना विचारलं, जे कळलं ते वहीत लिहून घेतलं. यात आमची स्वतःची एक मोठी चूक झाली. तीही आज सांगणार आहोत, कारण ती तुमच्या गटात होऊ नये.

गॅप म्हणजे नेमकं काय?

घरातली उतरंड डोळ्यांसमोर आणा. एकावर एक सात मडकी रचलेली आणि प्रत्येक दोन मडक्यांमध्ये एक चुंबळ. आपली मान अशीच आहे. मानेत सात मणके असतात. त्यातले वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. ती गादी म्हणजे चुंबळ. तरुणपणी त्या गादीत पाणी भरपूर असतं, म्हणून ती फुगीर असते, हिसके सोसते. वय वाढतं तशी ती सुकते, चपटी होते. चुंबळ चपटी झाली की मडकं मडक्याला लागतं. मग शरीर आपल्या परीनं आधार द्यायला जातं आणि मणक्यांच्या कडेला हाडाचे बारीक कंगोरे वाढवतं. मणक्यांचे मागचे छोटे सांधेही गुडघ्यासारखेच झिजतात. या सगळ्याला डॉक्टर सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस म्हणतात. आपण साध्या भाषेत मानेच्या मणक्यांची झीज म्हणू.

म्हणजे ‘गॅप आला’ हे बोलणंच उलटं आहे. गॅप येत नाही, असलेला गॅप कमी होतो. ही गंमत म्हणून सांगत नाही. ‘गॅप पडला’ ऐकलं की बाईला वाटतं, मान सुटी झाली, हलवली तर तुटेल. मग ती मान हलवायचीच बंद करते. मान हलवली नाही की स्नायू आणखी आखडतात आणि दुखणं वाढतं. एका शब्दाच्या भीतीनं किती तरी बाया मान लाकडासारखी धरून बसल्या आहेत.

दुसरी गोष्ट फोटोची, म्हणजे एक्स-रेची. साठी ओलांडलेल्या बहुतेक माणसांच्या एक्स-रेत ही झीज दिसते. मान दुखणाऱ्यांच्या फोटोत दिसते, तशी कधीच न दुखलेल्यांच्याही फोटोत दिसते. डोक्याचे केस पांढरे होतात तसाच हा वयाचा एक भाग आहे. फोटोत झीज जास्त म्हणजे दुखणं जास्त, असा हिशेब नसतो. म्हणून फोटो बघून घाबरू नका आणि निव्वळ फोटोवरून कुणी मोठा खर्च सांगितला तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

आपल्याच माना का जास्त धरतात?

झीज तर सगळ्यांची होते. पण आपल्या मानेनं काय काय सोसलं, तेही मोजू या.

नुसतं डोकंच साधारण पाच किलोचं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर घेतला की मानेवर वीस किलो झाले, भांड्याचं वजन वेगळंच. दिवसाला सहा खेपा केल्या तर नव्वद लिटर पाणी मानेनं वाहिलं. त्यात गवताचा भारा, सरपण, सोयाबीनचं ओझं. ज्या बाया कोयत्याबरोबर ऊसतोडीला गेल्या, त्यांनी उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवल्या. हे एक-दोन वर्षांचं काम नाही, चाळीस-चाळीस वर्षांचं आहे.

पाण्याचं तर लातूर-नांदेडच्या बायांना कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ती पाण्याची गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. पण स्टेशनापासून आणि टँकरपासून घरापर्यंतचं पाणी कुणाच्या डोक्यावरून गेलं, ते आपल्याला माहीत आहे. आता बऱ्याच गावांत नळ आले. तरी उन्हाळ्यात हंड्यांची रांग अजून संपलेली नाही.

आपल्यासारखी डोक्यावर ओझं वाहणारी माणसं आफ्रिकेतही आहेत. घाना देशात डॉक्टरांनी अशा लोकांच्या मानेचे एक्स-रे तपासले, तेव्हा ओझं न वाहणाऱ्यांपेक्षा वाहणाऱ्यांत झीज जास्त दिसली. म्हणजे आपल्या आज्या म्हणायच्या, “ओझ्यानं मान खाल्ली,” ते खोटं नव्हतं.

आणि ओझ्याइतकंच वाईट काम म्हणजे मान खाली घालून तासन् तास बसणं. धान्य निवडणं, भाकरी थापणं, खुरपणी, वाकळ शिवणं, पापड लाटणं. डोकं सरळ खांद्यांवर असतं तेव्हा त्याचा भार मणके पेलतात. डोकं पुढं झुकलं की तो भार मागच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि तीच हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. आता यात मोबाइलची भर पडली आहे. नातवाबरोबर तास तासभर खाली मान घालून बघणाऱ्या आज्याही आहेत आणि त्याच मोबाइलवर गटाची माहिती भरणाऱ्या आम्हीही आहोत.

दुखणं तीन तऱ्हेचं असतं

हे नीट ऐका, कारण पुढं काय करायचं ते यावरच ठरतं.

पहिली तऱ्हा : फक्त मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग दुखतो. सकाळी मान आखडलेली असते, थोडं काम केलं की मोकळी होते. मान वळवताना करकर वाजतं. कधी मानेपासून डोक्याच्या मागच्या भागात कळ जाते. बहुतेक बायांचं दुखणं याच तऱ्हेचं असतं. ते त्रास देतं, पण धोक्याचं नसतं. घरच्या काळजीनं आणि व्यायामानं बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

दुसरी तऱ्हा : मानेतून निघून हाताकडं जाणारी शीर दबते. मग मानेपासून खांद्यातून बोटांपर्यंत चमक मारत जाते, मुंग्या येतात, एखादा भाग बधिर होतो. साधारणपणे हे एकाच हाताला होतं. यातही बहुतेक जणींना काही आठवड्यांत उतार पडतो, पण डॉक्टरला दाखवायला हवं. हाताची ताकद कमी होत असेल तर वाट बघत बसू नका.

तिसरी तऱ्हा : ही कमी जणींना होते, पण हिचंच भय धरायचं. मणक्यांच्या मधोमध मेंदूपासून खाली जाणारी मुख्य दोरी असते, तिला मज्जारज्जू म्हणतात. झिजेमुळे तिच्यावर दाब आला की हात आणि पाय दोन्हींचं काम बिघडतं. आणि यातली फसवी गोष्ट अशी की मान फारशी दुखतही नाही. बाईला वाटतं, म्हातारपण आलं.

आमची चूक इथंच झाली.

रजिस्टरमधली सही

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे १९९३ साली, त्यांचा धाकटा लेक कडेवर होता, यावरून वयाचा अंदाज घ्या. शाळा कधी पाहिलेली नाही. गटात आल्यावर, चाळिशीनंतर, त्या सही शिकल्या. पाटीवर सहा महिने गिरवून शिकल्या. बँकेत पहिल्यांदा सही केली त्या दिवशी त्यांनी गटाला पेढे वाटले होते. तेव्हापासून रजिस्टर आलं की त्या चष्मा नीट करायच्या आणि सगळ्यांना थांबवून सावकाश, ठसठशीत सही करायच्या.

एका वर्षी त्यांची सही वाकडी यायला लागली. आम्ही हसून म्हणालो, “मावशी, घाई झाली का?” पुढं अक्षरं एकमेकांवर चढायला लागली. मग एका बैठकीत त्या म्हणाल्या, “मला अंगठाच लावू द्या. पेन धरवंना झालाय.” आम्ही काय केलं? शाईचा पॅड आणून दिला. आम्हाला वाटलं, त्यांची सोय केली.

त्याच काळात त्यांच्या हातून कपबशा सुटत होत्या. सून कावायची. ब्लाउजची हुकं लावायला त्यांना नातीला हाक मारावी लागायची. अंधारात चालताना त्या भिंत धरायच्या, “पायाखाली कापूस हाय असं वाटतंय,” म्हणायच्या. यातली प्रत्येक गोष्ट कुणाला ना कुणाला माहीत होती. सुनेला कपबशी, नातीला हुकं, आम्हाला सही. पण सगळं एका जागी मांडून कुणी पाहिलं नाही. मावशींनी स्वतःहून सांगितलं नाही, कारण त्यांना भीती होती, “काम होईना झालं की बसून खाणारी म्हणतील.”

शेवटी त्या अंगणात पडल्या तेव्हा दवाखाना गाठला. सरकारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एमआरआय करून सांगितलं की मानेत मज्जारज्जूवर दाब आहे आणि तो बराच काळ आहे. त्यांनी विचारलं, “हाताचं कधीपासून बिघडलं?” घरातल्यांना तारीख सांगता येईना. आम्ही परत आलो, रजिस्टर काढलं आणि मागची पानं उलटली. सगळं तिथं लिहिलेलं होतं. सरळ सही, वाकडी सही, गिचमिड सही, मग अंगठा. चौदा महिन्यांची पानं. त्या अंगठ्याच्या ठशांकडं बघून आम्हाला बोलवेना.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की ही शस्त्रक्रिया मुख्यतः दुखणं पुढं जाणं थांबवते, गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही. जितकं लवकर येता, तितकं जास्त वाचतं. मावशी आता काठी न घेता अंगणात फिरतात. पण हुकं अजून नातच लावते. चौदा महिने आधी गेलो असतो तर? हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. म्हणूनच आजचं हे बोलणं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पुढची कुठलीही गोष्ट दिसली तर बाम लावत बसू नका, दवाखान्यात जा.

- हातातून वस्तू सुटणं, हुक-बटण लावता न येणं, निवडताना खडा चिमटीत न धरता येणं, सही बिघडणं.
- चालताना तोल जाणं, पाय जड किंवा ताठ वाटणं, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं.
- मान खाली घातली की पाठीतून विजेसारखा झटका जाणं.
- लघवी किंवा शौचावर ताबा न राहणं, किंवा लघवी अडकणं.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं मानेचं दुखणं.
- मानदुखीबरोबर ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारा ठणका. मणक्याचा टीबी आपल्याकडं होतो आणि तो औषधांनी बरा होतो, पण ओळखायला हवा.
- छातीत दाब, घाम, धाप आणि त्याबरोबर मान, जबडा किंवा हातात कळ. हे मानेचं नसून हृदयाचं असू शकतं. लगेच १०८ ला फोन करा.

घरी करून बघायची एक साधी परीक्षा आहे. मूठ पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची, जमेल तितक्या भराभर. दहा सेकंदांत वीसच्या आसपास व्हायला हवं. फार कमी होत असेल, बोटं अडखळत असतील, तर डॉक्टरला सांगा. ही परीक्षा रोग ठरवत नाही, आपल्याला जागं करते एवढंच. सांधे दुखत असले तरी आकडा कमी येऊ शकतो.

रोजची काळजी

आता पहिल्या तऱ्हेच्या, म्हणजे नेहमीच्या दुखण्याचं बघू.

शेक : गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, मध्ये कापड ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. ज्यांना साखरेचा आजार आहे, ज्यांची कातडी बधिर झाली आहे, त्यांनी गरमपणा आधी दुसऱ्याच्या हाताला बघून घ्यावा. चटका बसला तरी कळत नाही.

उशी : दोन-दोन उशा घेऊ नका, आणि उशीच नको असंही करू नका. पाठीवर झोपणारीला पातळ उशी पुरते. कुशीवर झोपणारीला खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल इतकी जाड हवी. वाकळेची घडी घालून उंची जमवता येते. पालथं झोपू नका, त्यात रात्रभर मान पिळलेली राहते.

काम : निवडायचं ताट मांडीवर नको, चौरंगावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवा, म्हणजे मान कमी झुकेल. लांब दांड्याचा झाडू घ्या. अर्धा तास झाला की उठा, खांदे फिरवा, दोन घोट पाणी प्या, मग पुन्हा बसा. डोळ्याला कमी दिसत असेल तर बाई मान पुढं काढून बघते, म्हणून चष्म्याचा नंबर तपासा.

ओझं : मान दुखणाऱ्या बाईनं डोक्यावर ओझं घेऊ नये, हा नियम घरात सगळ्यांसमोर सांगायचा. पाणी दोन्ही हातांत लहान कळशांनी आणा, दोन्हीकडं सारखं वजन. सायकलला कॅन अडकवा, हातगाडा वापरा. आमच्या एका गटानं चार घरांत मिळून एक हातगाडा घेतला. आणि हो, पाणी आणणं हे फक्त बाईचंच काम आहे असं कुठं लिहिलेलं नाही. लेकानं, नातवानं दोन खेपा केल्या तर गाव काही नावं ठेवत नाही. ठेवली तर ठेवू द्या.

पट्टा : गळ्याचा पट्टा म्हणजे कॉलर. डॉक्टरांनी सांगितला तर सांगितलेले दिवसच घालायचा. महिनोन् महिने घातला की मानेचे स्नायू काम विसरतात आणि दुर्बळ होतात.

पाच व्यायाम, दहा मिनिटं

दुसऱ्या तऱ्हेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. तिसऱ्या तऱ्हेच्या खुणा असतील तर व्यायाम नको, दवाखाना. बाकीच्यांनी सकाळ-संध्याकाळ हे करावं. खुर्चीवर किंवा ओट्यावर ताठ बसायचं. श्वास रोखायचा नाही, हिसका द्यायचा नाही.

एक. खांदे कानाकडं वर न्या, मागं न्या, खाली सोडा. दहा वेळा.

दोन. पाठीची दोन्ही पाती मागं एकमेकींजवळ आणा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.

तीन. समोर बघत हनुवटी सरळ मागं ओढा, जणू कुणी तोंडाजवळ गरम वाफ आणली. खाली वाकवायची नाही. पाच मोजा, सोडा. दहा वेळा.

चार. मान सावकाश उजवीकडं वळवा, मध्ये आणा, डावीकडं वळवा. मग कान खांद्याकडं झुकवा, दोन्ही बाजूंना. जिथं दुखतं त्याच्या अलीकडं थांबा. पाच-पाच वेळा.

पाच. तळहात कपाळावर ठेवा. डोक्यानं हाताला दाबा, हातानं डोक्याला, पण डोकं जागचं हलू द्यायचं नाही. पाच मोजा. असंच डोक्याच्या मागं आणि दोन्ही कानांच्या वर. पाच-पाच वेळा, अर्ध्या जोरानं.

मान गोल गोल गरगर फिरवू नका. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन या वयात या दुखण्यात नको. व्यायामानं हाताच्या मुंग्या वाढल्या किंवा गरगरलं तर थांबा आणि दाखवा. चार दिवसांत गुण येईल असं समजू नका. दीड-दोन महिने नेमानं करावं लागतं. पण ज्यांनी केलं त्यांच्यात फरक आम्ही पाहिला आहे. रोजचं चालणंही तितकंच उपयोगाचं, मोकळे हात सोडून अर्धा तास.

हे मात्र करू नका

मान ‘मोडून’ घेऊ नका. दाढी करताना कटकट मान मोडतात ते बघून काही जणी घरात पोरांकडून तसंच करून घेतात. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा जातात, हिसक्यानं त्यांना इजा होऊ शकते. हलक्या हातानं तेल चोळणं चालेल, पीळ देणं नको.

दुकानातून गोळ्यांची मिसळ घेऊ नका. दुखणं मारणाऱ्या काही गोळ्या रोज घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंड बिघडतं, रक्तदाब चढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर पोटात रक्त जातंय असं समजा आणि लगेच जा.

बिननावाच्या पुडीपासून आणि ‘एका इंजेक्शनात बरं’ यापासून लांब राहा. आमच्या एका सदस्येनं गटातून अंतर्गत कर्ज काढून गावोगाव फिरणाऱ्या एकाकडून अशा पुड्या घेतल्या. आठ दिवसांत मान हलकी झाली, सगळ्या बाया पत्ता विचारू लागल्या. चार महिन्यांत तिचं तोंड सुजलं, साखर वाढली. दवाखान्यात कळलं की पुडीत स्टेरॉइड असणार. अशी औषधं एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. कुणी घेत असेल तर पुडीच दवाखान्यात नेऊन दाखवा आणि डॉक्टर सांगतील तशी सोडा.

कुठं जायचं, खर्चाचं काय?

आधी आशाताईला सांगा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तिथून पुढं पाठवलं तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथं हाडांच्या विभागात दाखवायचं.

एसटीचं तिकीट बायांना अर्धं आहे आणि पंचाहत्तर वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. गाडीत मागच्या चाकावर बसू नका, खड्ड्याचा हिसका तिथंच जास्त बसतो.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा आणि आपला आजार यादीत बसतो का ते विचारा. पासष्ट वर्षांवरच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनाही आहे. तिच्यात साधनं घ्यायला एकदाच ३ हजार रुपये मिळतात, उत्पन्नाची अट आहे. साधनांच्या यादीत मानेचा पट्टा आहे, तसा चष्माही आहे, कमोडची खुर्चीही आहे. पैसे मिळाले म्हणून पट्टा घेऊ नका. कदाचित तुमच्या मानेला चष्म्याचाच जास्त उपयोग होईल.

गटानं काय करायचं?

आमच्या गटांनी मावशींच्या प्रसंगानंतर तीन गोष्टी ठरवल्या. दर बैठकीच्या आधी सगळ्या मिळून ते पाच व्यायाम करतात. सुरुवातीला हसू यायचं, आता कुणी उशिरा आली तर विचारते, “मानेचं झालं का?” दुसरं, दवाखान्यासाठीचं अंतर्गत कर्ज मागणाऱ्या बाईला आम्ही विचारतो, सरकारी दवाखान्यात दाखवलंस का, आणि तिच्याबरोबर एक जण पाठवतो. एकटी बाई डॉक्टरसमोर निम्मंच सांगते.

तिसरं, सही. ज्या बाईची सही बदलली, तिला आम्ही शाईचा पॅड देत नाही. बैठक संपल्यावर तिला बाजूला घेतो आणि विचारतो, “अक्का, हाताला काय होतंय?” डोळ्यांचं निघालं तर चष्मा, मानेचं निघालं तर दवाखाना.

आणि सुनांनो, लेकींनो, तुमच्याशी एक शब्द. सासूच्या हातून कपबशी फुटली तर आधी कप बघू नका, हात बघा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला काम होईना झालं की ती दुखणं लपवते, कारण तिला वाटतं आपली किंमत कामातच आहे. तिला बसून निवडायचं काम द्या, पण ते चौरंगावर ठेवून द्या. “तुमची मान कशी आहे?” एवढं दिवसातून एकदा विचारा.

मावशी आजही बैठकीला येतात. मागच्या महिन्यात त्यांनी पॅड बाजूला सारला आणि पेन मागितला. जाड पेन आम्ही मुद्दाम आणून ठेवला होता. पहिली दोनच अक्षरं उमटली, बाकीची नुसती रेघ आली. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, पुढल्या महिन्यात तिसरं.” आम्ही ती दोन अक्षरं तशीच ठेवली आहेत.

पुढच्या बैठकीत तुमच्याही गटाचं रजिस्टर काढा आणि वर्षभराच्या सह्या एकदा चाळून बघा. येतो मग. नमस्कार.